देवदूतांना पोलीस पडताळणी लागत नाही

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या काव्यवाचनात प्रथम वर्षाच्या एका मुलीने १०८ च्या कर्मचाऱ्यांवर कविता वाचली. कविता चांगली होती. शेवटी तिने त्यांना 'देवदूत' म्हटलं, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. नंतर चहा पिताना मी सहज बोलून गेले, की या देवदूतांची नीट पोलीस पडताळणी व्हायला हवी, बोटांच्या ठशांसकट. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "तू कॅथलिक ना गं? आणि देवदूतांवरच संशय?"

तो चेष्टेत म्हणाला. पण संपादकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, एवढं वाटतं तर लिहून दे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी चेष्टेचं उत्तर देऊन टाकते. मी कॅथलिक आहे म्हणूनच देवदूत या शब्दाशी जरा जपून वागते. आम्हाला लहानपणी रविवारच्या कॅटेकिझमच्या वर्गात रक्षक देवदूताची प्रार्थना शिकवतात. त्याच वर्गात हेही शिकवतात, की सैतान मुळात देवदूतच होता. तेव्हा देवदूत म्हटलं की प्रश्न संपला, असं निदान आमच्यात तरी नाही.

आता मूळ गोष्ट. मी पेडणे तालुक्यातल्या पार्सेची. दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रात्री मायला, म्हणजे माझ्या आजीला, श्वास घेता येईना. वीज गेलेली. पप्पा तारवटी, त्या वेळी जहाजावर होते. (गोव्याबाहेरून आलेल्यांसाठी: तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारा.) मम्मीने मायला धरून बसवलं आणि मी १०८ लावला. पलीकडची बाई शांतपणे एकेक विचारत होती. गाव कुठलं, जवळची खूण काय, आजी बोलते का, ओठ निळे दिसतात का. मी भगवतीचं देऊळ सांगितलं, तिथून आमच्या वाड्यावर कसं वळायचं ते सांगितलं. गाडी आली. दोघे उतरले, एक चालवणारा आणि एक ईएमटी. हे लोक चालवणाऱ्याला 'पायलट' म्हणतात, हे मला त्या रात्री कळलं.

गाडीत मागे मी बसले. चोपड्याहून पूल ओलांडून शिवोली, तिथून म्हापसा, जिल्हा इस्पितळ, ज्याला माय अजून आझिलोच म्हणते. पावसात पुढचं काही दिसत नव्हतं. ईएमटी पंचविशीतला असेल. त्याने मायला ऑक्सिजन लावला, झग्याची वरची बटणं सोडली, ईसीजीच्या तारा चिकटवल्या. माझ्या मायला असं परक्या पुरुषाने हात लावलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मग सुई टोचायला हात मोकळा हवा, म्हणून त्याने तिच्या सोन्याच्या बांगड्या उतरवायला घेतल्या. मायचे हात सुजलेले, बांगड्या निघेनात. त्याने जेली लावून एकेक काढली आणि प्रत्येक बांगडी माझ्या तळहातावर ठेवताना मोठ्याने मोजली. एक. दोन. तीन. चार. "मोजून घे परत," म्हणाला. मी म्हटलं, असू दे हो. तो म्हणाला, "असू दे नाही. मोज."

मी मोजल्या. चार होत्या.

माय आठ दिवसांनी घरी आली. ठणठणीत नाही, पण आली. त्या मुलाचं नाव मी विचारलं नव्हतं, त्याचा चेहराही आता नीट आठवत नाही. आठवतं ते त्याचं मोजणं. त्याला ठाऊक होतं की माझ्याकडे त्याच्यावर विश्वास ठेवण्याचं एकही कारण नाही, आणि न ठेवायलाही वाव नाही. म्हणून जेवढं त्याच्या हातात होतं तेवढं कारण त्याने मला दिलं. पण मी गाडीत होते म्हणून. मी नसते तर? माय एकटी असती आणि शुद्धीवर नसती तर? मोजलं कुणासमोर असतं?

माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे. डॉक्टर आपण निवडतो. आवडला नाही तर दुसऱ्याकडे जातो. टॅक्सीवाल्याचा चेहरा पटला नाही तर पुढची टॅक्सी बघतो. ॲम्ब्युलन्समध्ये झोपलेला माणूस काहीच निवडत नाही. तो बेशुद्ध असतो, अर्धवट कपड्यांत असतो, अंगावर दागिने असतात, घराचं दार मागे उघडं राहिलेलं असतं. तो चौकशी करू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणीतरी आधीच करून ठेवायला हवी. पोलीस पडताळणी म्हणजे ही आगाऊ केलेली चौकशी. यात त्या कर्मचाऱ्याचा अपमान कुठे आला, हे मला खरंच कळत नाही.

गोव्यातल्या माणसाला तर कळूच नये. आमच्या वाड्यावर एक घर दाखवा, जिथे कुणी ना कुणी पीसीसीसाठी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी, धावपळ केली नाही. जहाजावर जायचं, काढा पीसीसी. कुवेतला जायचं, काढा पीसीसी, आणि तिथे उतरल्यावर दहाही बोटांचे ठसे द्या. माझ्या काकांनी दिले, पप्पांनी कितीदा तरी कागद दिले. कुणाला अपमान वाटला नाही. परक्याच्या देशात, परक्याच्या जहाजावर भांडी घासायला आपण आपलं चारित्र्य शिक्क्यासह सिद्ध करतो. आपल्याच आजीला रात्री उचलून नेणाऱ्याला तेच विचारलं की मात्र आपल्याला संकोच होतो.

आता ज्या घटनेमुळे मला हा विषय सुटेनासा झाला, ती सांगते. सप्टेंबर २०२०, केरळ, पत्तनंतिट्टा जिल्हा. कोविडचा काळ. १९ वर्षांची एक मुलगी पॉझिटिव्ह आली. तिला उपचार केंद्रात न्यायला १०८ ची गाडी आली. गाडीत आणखी एक रुग्ण बाई होती आणि चालक. बाकी कुणी नाही. तिचं केंद्र जवळ होतं, तरी चालकाने आधी त्या बाईला दूरच्या इस्पितळात सोडलं. मग मुलीला घेऊन तो आरन्मुळाजवळच्या एका ओसाड जागेत गेला. विमानतळासाठी ठरवलेली आणि तशीच पडून राहिलेली ती जमीन होती. (मोपाजवळ राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते मी लिहीत नाही.) तिथे त्याने गाडीतच तिच्यावर बलात्कार केला. नंतर माफी मागू लागला, तेव्हा त्या मुलीने ती माफी मोबाइलवर रेकॉर्ड केली. ताप अंगात, वय १९, आणि तेवढं भान. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

नंतर बाहेर आलं, की त्याच्यावर आधीच खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंद होता. मग केरळ सरकारने अशा चालकांचं पूर्वचारित्र्य तपासायला सांगितलं. मग! हा 'मग' आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला लागतो. २०२४ च्या ऑगस्टचंच घ्या. बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केले, मग महाराष्ट्रात शाळेतल्या कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी सक्तीची झाली. त्याच महिन्यात कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला. ज्याला शिक्षा झाली तो पोलिसांचा सिव्हिक व्हॉलंटियर होता, इस्पितळात सहज ये-जा करणारा. मग सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला विचारलं, हे स्वयंसेवक भरती कसे करता, त्यांची पडताळणी कशी करता?

आणि गोव्याने तर हे फार आधी पाहिलं आहे. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस मुलांसाठी आश्रम चालवायचा. लोक त्याला फादर म्हणत. गरीब मुलांना आसरा देणारा म्हणून त्याला मान होता. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, १९९६ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल जन्मठेप झाली. गोव्याचा बालहक्क कायदा आला २००३ मध्ये. आमच्या आधीच्या पिढीला हे नाव ठाऊक आहे, पण घरात ते कुणी उच्चारत नाही. मी मोठी झाल्यावर वाचलं. मला त्यात सर्वांत भयंकर वाटलं ते हे, की 'फादर' या एका शब्दाने एवढ्या लोकांची तोंडं बंद ठेवली. सेवेचा झगा घातलेल्याला कुणी मागचं पुढचं विचारत नाही. आमच्या चर्चला हे शहाणपण फार उशिरा आलं. अमेरिकेतल्या बिशपांनी २००२ मध्ये डॅलसला नियम केला, की मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची, धर्मगुरूसुद्धा, पूर्वचारित्र्य तपासणी व्हावी. किती मुलांचं आयुष्य गेल्यावर, हे सगळ्यांना माहीत आहे. झग्याला तपासणी लागते, तर निळ्या-पांढऱ्या गणवेशाला का लागू नये?

इथपर्यंत माझं म्हणणं सरळ आहे. आता जिथे ते अडतं तिथे येते.

आमच्या वाड्यावर एक दादा आहे. नाव लिहीत नाही. उत्तम गाडी चालवतो, रात्री-अपरात्री कुणाच्याही हाकेला येतो. माझ्या धाकट्या भावाला साप चावला होता, तेव्हा त्याच्याच जीपमधून नेलं. तीन वर्षांपूर्वी त्याने एका ठिकाणी ॲम्ब्युलन्स चालकाच्या नोकरीसाठी अर्ज केला. मुलाखत झाली, गाडी चालवून दाखवली, पोलिसांचा दाखला मागितला. दाखल्यात आलं, एक प्रकरण प्रलंबित. काय होतं ते? काही वर्षांपूर्वी एका आंदोलनात रस्ता अडवला म्हणून पंचवीस-तीस जणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात हाही. गावातल्या अर्ध्या घरांत त्या यादीतला कुणी ना कुणी आहे. त्याला नोकरी मिळाली नाही. का नाही, ते लेखी दिलं नाही. फोनवर एवढंच सांगितलं, की तुझ्यावर केस आहे.

मला आधी फार राग आला. मग एक अवघड गोष्ट लक्षात आली. केरळच्या त्या चालकावर होता तोही फक्त गुन्हा दाखल. शिक्षा झालेली नव्हती. म्हणजे 'शिक्षा झालेल्यांनाच वगळा' असा नियम असता तर तो माणूस आरामात आत आला असता. आणि 'गुन्हा दाखल असेल त्या प्रत्येकाला वगळा' असा नियम केला, तर आमचा दादा बाहेर. कागदावर दोघे एकाच रांगेत उभे. प्रकरण प्रलंबित, प्रकरण प्रलंबित.

त्यामुळे 'पडताळणी करा' एवढं म्हणून भागत नाही. काय सापडल्यावर काय करायचं, हे आधी लिहून ठेवावं लागतं. खुनाचा प्रयत्न, मारहाण, लैंगिक गुन्हा, चोरी, खोटं प्रमाणपत्र, दारू पिऊन गाडी चालवणं, यांचा रुग्णाशी थेट संबंध आहे. यातलं काही प्रलंबित असेल तर निकाल लागेपर्यंत त्या माणसाला रुग्णाबरोबर बसवू नका, माझी काही हरकत नाही. रस्ता अडवणं, मोर्चा, जत्रेतली बाचाबाची, शेजाऱ्याशी कुंपणावरून झालेली तक्रार, यांचा रुग्णाशी संबंध काय? आणि नाकारायचंच असेल तर लेखी नाकारा, कारण द्या, त्याला उत्तर द्यायला पंधरा दिवस द्या. इंग्लंडमध्ये पॅरामेडिकची सर्वांत कडक पातळीची तपासणी होते, पण तिथेही जुने किरकोळ गुन्हे ठरावीक काळानंतर गाळले जातात, आणि लहान वयात मिळालेल्या पोलिसांच्या ताकिदी २०२० पासून आपोआप दाखवल्या जात नाहीत. सरकारला कुणाचा कळवळा आला म्हणून हे झालं नाही. लोक न्यायालयात गेले, वर्षानुवर्षं भांडले. आपल्याकडे निदान ते पाहून तरी सुरुवात करता येईल.

आता ठसे. पडताळणी मान्य असलेलेही ठशांचं नाव काढलं की बिचकतात. ठसे म्हणजे चोरांचे, असं आपल्या डोक्यात आहे. खरं तर ठशांची गोष्ट आपल्याच देशातली आहे. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला, पुढे त्याने शब्द फिरवू नये म्हणून. म्हणजे सुरुवात चोर पकडण्यातून झाली नाही, नोकरी-धंद्याच्या विश्वासातून झाली. चोरांसाठी कार्यालय नंतर निघालं, १८९७ मध्ये, कोलकात्यात. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन अधिकाऱ्यांनी ठशांची वर्गवारी बसवली, आणि जगभर ती ओळखली जाते त्यांच्या साहेबाच्या, हेन्रीच्या नावाने. हे विषयांतर आहे, पण असू दे.

ठसे का हवेत? कारण नाव पुरत नाही. बार्देशमध्ये एकाच नावाचे किती फर्नांडिस आणि किती डिसोझा, पेडण्यात एकाच नावाचे किती नाईक आणि किती गावडे, मोजून पाहा. आमच्या वर्गातच एका नावाच्या दोघी होत्या, निकालाच्या दिवशी दोघीही रडायच्या. नावावरून शोध घेतला तर दुसऱ्याचा गुन्हा निरपराध माणसाच्या अंगावर येऊ शकतो, आणि खरा गुन्हेगार स्पेलिंग बदलून सुटू शकतो. शिवाय आमच्या तालुक्याला लागून सीमा आहे. सावंतवाडी, दोडामार्ग इकडून माणसं कामाला येतात, आपली तिकडे जातात. पोलीस ठाण्याचा दाखला बहुतेक वेळा राहत्या पत्त्यावर फिरतो. परराज्यात काय झालं ते त्यात येईलच असं नाही. बोट मात्र सीमेवर बदलत नाही. कॅलिफोर्नियात ईएमटी व्हायचं तर आधी ठसे द्यावे लागतात, ते राज्याकडे आणि एफबीआयकडेही तपासले जातात. आपल्याकडेही २०२२ पासून नाफिस नावाची देशभरच्या ठशांची यंत्रणा आहे. म्हणजे यंत्र आहे. वापरायचं कसं, हा प्रश्न आहे.

इथे एक गैरसमज दूर करते. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं, "अगं, ते रोज अंगठा लावतातच की." हजेरीच्या यंत्राला लावलेला अंगठा एवढंच सांगतो, की काल आलेला माणूस आजही आला. तो काल कोण होता, हे त्या यंत्राला माहीत नसतं. आणि अंगठ्यावर सगळं सोपवणाऱ्यांनी आमच्या मायला भेटावं. तिने कित्येक वर्षं काजू फोडले, सोलले. काजूच्या तेलाने तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या. रेशनच्या यंत्रावर ती दहाही बोटं आळीपाळीने ठेवते, यंत्र लाल दिवा दाखवतं. दिवसातून वीस वेळा सॅनिटायझर आणि हातमोजे वापरणाऱ्याची बोटं तरी किती दिवस साथ देतील? ठसा लागला नाही म्हणून कुणाला संशयित ठरवायचं नाही, हेही नियमात लिहायला हवं.

पण ठशांची माझी खरी भीती वेगळी आहे, आणि तिचा पत्ता वास्को.

जानेवारी २०१३ मध्ये वास्कोतल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. मी तेव्हा साधारण तेवढीच होते. आमच्या शाळेत त्यानंतर आम्हाला स्वच्छतागृहात दोघी-दोघींनी पाठवू लागले, का ते सांगितलं नाही. तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी काही ठसे मिळाले होते. सीबीआयने आधार प्राधिकरणाकडे मागणी केली, की गोव्यात ज्यांनी ज्यांनी आधार काढलं आहे त्या सगळ्यांचा बायोमेट्रिक डेटा द्या, जुळवून पाहतो. गोव्यातल्या न्यायालयाने द्या म्हटलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं आणि सांगितलं, की माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची बायोमेट्रिक माहिती कुणालाही द्यायची नाही.

म्हणजे रेशन आणि गॅससाठी रांगेत उभं राहून दिलेले आमचे सगळ्यांचे ठसे, मायचे पुसटसुद्धा, एका बलात्काराच्या तपासात संशयितांचे ठसे म्हणून उघडले जाणार होते. त्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता. पण एका कामासाठी घेतलेला ठसा दुसऱ्या कामाला किती सहज जातो, हे आपण गोवेकरांनी जितक्या जवळून पाहिलं तितकं बहुधा देशात कुणी पाहिलं नसेल. २०१६ च्या आधार कायद्यात मग कलमच आलं, की मूळ बायोमेट्रिक माहिती कुठल्याही कारणासाठी कुणालाही द्यायची नाही. दुसरीकडे, २०२२ चा फौजदारी ओळख कायदा पोलिसांनी घेतलेले ठसे ७५ वर्षं ठेवू देतो. तो कायदा अटक झालेल्यांसाठी, शिक्षा झालेल्यांसाठी आहे. नोकरीसाठी बोट पुढे करणारा ईएमटी त्या गठ्ठ्यात जाऊन पडता कामा नये. ठसा घ्या, जुळवा, 'नोंद आहे' किंवा 'नाही' एवढं उत्तर द्या आणि ठसा पुसून टाका. पुसल्याचं त्याला लेखी कळवा. जो आपल्याला जपतो, त्याला एवढं जपणं काही जास्त नाही.

खर्च कुणी करायचा? नोकरी देणाऱ्याने. यावर मी फार लिहीत नाही, कारण यात दुमत असेल असं वाटत नाही. महिन्याकाठी तुटपुंज्या कंत्राटी पगारावर काम करणाऱ्याने एक दिवसाची रजा टाकून, पदरचे पैसे घालून पोलीस ठाण्यात उभं राहायचं, आणि 'देवदूत' शब्द आपल्याकडून फुकट घ्यायचा. हा शब्द मला म्हणूनही खटकतो. देवदूताला पगार लागत नाही, झोप लागत नाही आणि पडताळणीही लागत नाही. तिन्ही गोष्टी टाळायला तो बरा पडतो.

आणि तपासणी प्रत्येक कंत्राटदाराने आपापल्या मर्जीने करायची की एकाच ठिकाणी व्हायची? २०२१ मध्ये आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात आपत्कालीन सेवेतला तंत्रज्ञ, म्हणजे पॅरामेडिक, एक व्यवसाय म्हणून आला आहे आणि अशा सगळ्यांची नोंदवही ठेवायची आहे. पडताळणी त्या नोंदणीला जोडली, तर डॉक्टर-नर्ससारखी त्याचीही ओळख राहील. कंत्राटदार बदलला तरी ती त्याच्याबरोबर जाईल. पण चालक त्यात नाही. केरळात होता तो चालकच. आणि १०८ सोडून ज्या खासगी व्हॅन इस्पितळांच्या दाराशी उभ्या असतात, लाल दिवा आणि एक स्ट्रेचर एवढ्यावर, त्यांच्यातल्या माणसांना कोण विचारतं? गोव्यात १०८ सुरू झाली २००८ मध्ये. त्याआधी सगळं त्याच व्हॅनांवर आणि दादाच्या जीपसारख्या जीपांवर चालायचं, आणि पेडण्याच्या आतल्या वाड्यांवर अजूनही पुष्कळसं तसंच चालतं.

मी हे सगळं मम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पेपर स्वच्छ असलेला माणूस पहिल्यांदा वाईट वागला तर?" बरोबर आहे. पडताळणी मागचं बघते, पुढचं नाही. म्हणून केरळच्या घटनेत माझ्या मते त्या जुन्या गुन्ह्याइतकीच मोठी चूक होती, की गाडीत मागे दुसरं कुणी नव्हतं. एकट्या रुग्णाबरोबर एकटा माणूस कधीच नाही, हा नियम कुठल्याही ठशापेक्षा स्वस्त आहे. गाडी ठरल्या वाटेवरून वळली तर नियंत्रण कक्षातून फोन यावा, हेही अवघड नाही. मम्मीला एवढ्याने समाधान झालं नाही. तिला त्या रात्रीचा तो मुलगा कोण, कुठला, हे अजून जाणून घ्यायचं आहे. पण कारण वेगळं आहे. फेस्ताला त्याला जेवायला बोलवायचं आहे.

दादाने गेल्या आठवड्यात पुन्हा अर्ज केला, दुसऱ्या ठिकाणी. अर्जात रकाना होता, 'आपल्याविरुद्ध कधी गुन्हा नोंद झाला आहे का? असल्यास तपशील द्या.' तपशिलाला जागा दीड ओळ. तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला, तू साहित्य शिकतेस, तूच लिही. मी रकान्यात 'सोबतचा कागद पाहावा' असं लिहिलं आणि एका पूर्ण पानावर काय घडलं ते मांडलं. तारीख, जागा, किती जण होते, न्यायालयात पुढची तारीख कधी. त्याने वाचून सही केली. मग विचारलं, "बोटांचे ठसे पण देऊ काय खाली? मागितले नाहीत त्यांनी, पण देतो."

मी म्हटलं, मागितले तर दे, आणि आधी विचार, पुसणार कधी.